खिशातलं बिऱ्हाड

"काका, माजलगाव तालुक्यात माझं छोटं कृषी सेवा केंद्र आहे. वय शेहेचाळीस. रोज मोटारसायकलवर तीस-चाळीस किलोमीटर होतात. पाकीट इतकं फुगलंय की त्याला रबर लावावं लागतं. उजव्या बाजूला कमरेखालून मांडीपर्यंत कळ येते. पँटचा मागचा खिसा बायकोनं तीनदा शिवला. ती म्हणते, हे पाकीट नाही, गाठोडं आहे. दोनदा सगळं काढून ठेवलं, आठ दिवसांत पुन्हा होतं तेवढं झालं. पोरगा म्हणतो, सगळं मोबाईलमध्ये टाका अन् पाकीट फेकून द्या. मला ते पटत नाही. आत काय काय आहे त्याची यादी सोबत जोडली आहे. काय ठेवू अन् काय काढू?"
(एक वाचक, जि. बीड)

भाऊ, तुमची यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. अकरा कार्डं, त्यातलं एक बंद झालेल्या खात्याचं एटीएम. आईचं आधार. स्वतःच्या आधारच्या चार झेरॉक्स. पासपोर्ट साइजचे सहा फोटो, त्यातले दोन 'मिशा काळ्या असतानाचे'. घडी घातलेला सातबारा. खत-बियाणं कंपन्यांच्या माणसांची सतरा व्हिजिटिंग कार्डं. पेट्रोल पंपाच्या पावत्या, 'मोजल्या नाहीत'. उधारीच्या चिठ्ठ्या, त्याही मोजल्या नाहीत. दोन हजारांची एक नोट. गोडाऊनची जादा किल्ली. तुळजाभवानीचा फोटो, अंगाऱ्याची पुडी, परळीच्या वैजनाथाच्या बेलाचं वाळलेलं पान. आणि सगळ्यात शेवटी रोकड: तीनशे चाळीस रुपये.

पैसे ठेवायच्या वस्तूत सगळ्यात कमी पैसेच! हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग माझं स्वतःचं जुनं पाकीट आठवलं आणि हसू आवरलं. त्याचं पुढे सांगतो.

नांदेडात एका बँकेत मी एकोणतीस वर्षं कॅशियर होतो. काचेपलीकडची माणसं पाकीट कसं उघडतात हे रोज बघायचो. तरणी पोरं दोन बोटांनी नोट काढून मोकळी. चाळिशीपुढचा माणूस मात्र आधी रबर काढणार, ते मनगटात अडकवणार, मग एकेक कप्पा चाचपत सगळा संसार काउंटरवर मांडणार, आणि हवा तो कागद शेवटी शर्टाच्या वरच्या खिशात सापडणार. मागची रांग तोवर दारापर्यंत.

आपण सगळे 'एक कागद कमी आहे, उद्या या' हे ऐकतच मोठे झालोय. त्या एका वाक्यापायी दिवस बुडतो, एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं जातं, आणि उद्या गेलं की साहेब मीटिंगला. असा एकदा परत फिरलेला माणूस पुढच्या खेपेला दोन कागद जास्तच घेऊन निघतो. तुमचं पाकीट त्या धास्तीनं फुगलंय. तुम्ही दोनदा कागद बाहेर काढले, पण धास्ती आतच राहिली, म्हणून आठवड्यात सगळी मंडळी परत आली. तेव्हा काय काढायचं हे सांगताना 'अन् उद्या कुणी मागितलं तर?' याचंही उत्तर देत जातो.

आधी दुखणं. कुल्ल्यातल्या एका स्नायूखालून पायाकडे जाडजूड नस जाते. तिच्या दुखण्याला डॉक्टर सायटिका म्हणतात. एका बुडाखाली पाकीट ठेवून तासन् तास बसलं की कंबर तिरकी होते आणि त्या नसेवर दाब येतो. हिशेब करून बघा. बँकेचं कुठलंही कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. तुमच्या अकरा कार्डांचे आठ मिलिमीटरांच्या वर तिथंच झाले. त्यावर चामड्याचे थर, सतरा व्हिजिटिंग कार्डं, चिठ्ठ्या, आणि वरून किल्ली. माजलगाव-परळी रस्त्यावर या सगळ्यावर बसून जायचं म्हणजे बुडाखाली विटेचा तुकडा घेऊन जाण्यासारखंच. आजपासून पाकीट मागच्या खिशात ठेवून बसायचं नाही, हलकं झालं तरीही नाही. पंधरा दिवसांत कळ कमी झाली नाही, किंवा पायाला मुंग्या यायला लागल्या, तर कॅशियरला पत्र न लिहिता हाडाच्या डॉक्टरला गाठा.

आता यादी. मी सगळ्यात आधी उधारीच्या चिठ्ठ्यांना हात घालतो, कारण तुम्ही त्या पेट्रोलच्या पावत्यांच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यात. भाऊ, तुमच्या पाकिटात तीनशे चाळीस रुपये नाहीत. जूनमध्ये नेलेली बियाण्याची पिशवी, जुलैत नेलेली खताची पोती, 'सोयाबीन निघालं की देतो', 'कापूस विकला की देतो', हे सगळं तुमच्या पाकिटात आहे. मला वाटतं तो आकडा काही हजारांच्या पुढचा असणार. पाकिटमाराला त्याचा काडीचा उपयोग नाही, तो चिठ्ठ्या नालीत फेकून देईल. समोरचा शेतकरी कितीही सरळ असला तरी दिवाळीला त्याच्या आठवणीतला आकडा आणि तुमच्या आठवणीतला आकडा एक निघेल याची खात्री देता येत नाही. मग दोघांचीही मनं कडू. त्यात पावसाळ्यात घामानं आणि पाण्यानं बॉलपेनची शाई पसरते. सातशेचे शंभर झालेले मी काउंटरवर पाहिलेत, एका स्लिपवर सात हा आकडा नुसता निळा डाग उरला होता.

तेव्हा चिठ्ठी पाकिटात एक रात्रसुद्धा मुक्कामाला राहता कामा नये. दुकान बंद करायच्या आधी खतावणीत नोंद, तारीख, माल, रक्कम, आणि जमलं तर गिऱ्हाइकाची सही. बांधावर कुणी भेटला आणि तिथंच व्यवहार झाला, तर चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून त्यालाच पाठवा. त्याच्याकडेही राहतो, तुमच्याकडेही राहतो. नोंद झाली की चिठ्ठी दुकानातल्या तारेला टोचायची. ती जुनी तार, आडतीवर असते तशी, कुठंही दहा-वीस रुपयांत मिळेल. हे एकच काम तुम्ही केलंत आणि माझं बाकीचं काहीच ऐकलं नाहीत तरी चालेल.

पंपाच्या पावत्या बहुतेक कोऱ्या झाल्या असतील, बघा. तो कागद शाईचा नसतोच, उष्णतेनं काळा होणारा असतो. उन्हानं, अंगाच्या उबेनं, घर्षणानं अक्षरं उडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात मागचा खिसा! ज्या पावतीवर वॉरंटी आहे तिचा त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स. बाकीच्या चुलीत.

कार्डांकडे येऊ. बंद खात्याचं एटीएम कात्रीनं कापा, चिपवरून आणि मागच्या काळ्या पट्टीवरून. किसान क्रेडिट कार्ड हंगामात दोन-चारदा लागतं, त्यानं बारा महिने तुमच्यासोबत हिंडायचं कारण नाही. पॅन कुणी रस्त्यात मागत नाही. मतदार ओळखपत्र मतदानाला. पंपाचं पॉइंटचं कार्ड मोबाईल नंबर सांगितला तरी बहुतेक ठिकाणी चालतं. लायसन्स आणि गाडीचे कागद मात्र लागतात, नाकाबंदी कुठं असेल सांगता येत नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून सरकारच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी मूळ कागदाइतकंच धरलं जातं. नुसता गॅलरीतला फोटो दाखवला तर हवालदार ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ॲप उघडूनच दाखवायचं. डिजिलॉकर उघडायला आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. तुमचा जुना नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्राची एक चक्कर मारा.

आधारच्या झेरॉक्सनं माझ्या पोटात गोळा आला. चार प्रती, कोऱ्या, सही केलेल्या! पाकीट पडलं तर त्यावर कुणी काय करेल ते तुम्हाला वर्षभरानं नोटीस आल्यावर कळायचं. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. लॉजवर, पार्सलवाल्याकडे ते पुरेसं आहे. कुठं पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहायची. मग ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

सातबाऱ्याची घडी उघडून तारीख बघा. बहुतेक ठिकाणी ताजाच मागतात, म्हणजे तो असून नसल्यासारखा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. गट नंबर आणि शेतकरी ओळख क्रमांक तेवढा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

आणि आईचं आधार? तुम्ही लिहिलंय की आईचं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि 'हरवू नये म्हणून' ते तुमच्याकडे असतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, पण कंडक्टरला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. तुम्ही दुकानात, आधार तुमच्या बुडाखाली, आणि माउलीला लेकीकडे जायचं असलं तर ती काय दाखवणार? आजच्या आज ते त्यांच्या पिशवीत घाला. माझ्या मते तुमच्या यादीतली ही एकच चूक दुसऱ्याला भोवणारी आहे.

व्हिजिटिंग कार्डांचे नंबर मोबाईलमध्ये 'खत', 'बियाणं' असं नावाआधी लावून साठवा, मग एका शब्दात सापडतात. फोटो दोन ठेवले तरी खूप, तेही घरी, आणि मिशा पांढऱ्या झाल्यानंतरचे. काळ्या मिशांचे वहिनींना द्या.

दोन हजारांच्या नोटेबद्दल तुम्ही लिहिलंय 'बरकतीसाठी'. ठेवायची तर ठेवा, पण खिशात कशाला? या नोटा मागे घेत असल्याचं रिझर्व्ह बँकेनं १९ मे २०२३ ला जाहीर केलं आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरनंतर बँकांच्या काउंटरवर त्या बदलून देणं बंद झालं. नोट अजून कायदेशीर आहे, पण ऐन वेळी कुणी घेणार नाही. मुंबई किंवा नागपूरच्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात समक्ष, नाहीतर पोस्टानं पाठवून खात्यात जमा करून घेता येते. फाटक्या आणि मळक्या नोटा निघाल्या तर मात्र कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, तिथं तुमचं खातं नसलं तरी. 'आमचा खातेदार नाही' असं म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला भेटा. हे मी आतल्या बाजूनं सांगतोय.

आता पोराचं म्हणणं. पोरगं अर्धं बरोबर आहे. यूपीआयनं निम्मं पाकीट रिकामं केलंच आहे. पण तो जिथं राहतो तिथं टॉवर दिसतो. तुम्ही ज्या वाडी-तांड्यावर जाता तिथं पावसात नेटवर्क जातं, लाइट गेली की चार्जिंग जातं, आणि आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या म्हातारीकडे प्रत्येक वेळी स्कॅनर असतोच असं नाही. सगळं मोबाईलमध्ये टाकलं आणि मोबाईल बंद पडला, तर लायसन्सही नाही, पैसेही नाहीत आणि घरचा नंबरही पाठ नाही. मोबाईलच्या कव्हरमागे पाचशेची नोट ठेवायची नवी पद्धत निघालीय, तीही मला पसंत नाही. मोबाईल गेला की दोन्ही एकदमच जातात.

म्हणून पाकीट राहू द्या. त्यात एक चालू एटीएम, एक लायसन्स (डिजिलॉकरमध्ये असलं तरी राहू द्या, एवढी धास्ती माझीही), पाचशेची एक, शंभराच्या तीन-चार, आणि दहा-वीसच्या थोड्या नोटा. सुट्ट्या पैशांसाठी तुमच्या दुकानाचा गल्ला आहे. शिवाय एक चिठ्ठी, जी तुमच्या यादीत नाही: रक्तगट, घरच्या दोघांचे मोबाईल नंबर, काही गोळी कायमची चालू असेल तर तिचं नाव. रस्त्यात काही झालं तर तुमचा मोबाईल लॉक असणार. उचलणारा माणूस पाकीटच उघडतो.

देवाचं शेवटी घेतलं, कारण त्यावर हात ठेवताना माझीही जीभ अडखळते. पुडी फुटली की अंगारा नोटांना लागतो, कार्डाच्या चिपमध्ये जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण त्यावर बसतो. हे तुमच्या आईंना विचारून बघा, त्या काय म्हणतात ते. पुडी देवघरात. फोटो दुकानात गल्ल्यावर, तिथं देवीची नजर हिशेबावर राहील. बेलाचं पान मात्र काढू नका. त्याला जाडी नाही, वजन नाही, आणि ते कधी घेतलं हे तुम्ही पत्रात तारखेसकट लिहिलंय. दोन कार्डांच्या मधे सपाट ठेवा.

माझं सांगायचं राहिलं. नोकरीत असताना नांदेडहून लातूरला जाताना बसमध्ये माझं पाकीट मारलं गेलं. रोकड फार नव्हती. पण त्यात पॅन, लायसन्स, दोन एटीएम, आणि एका एटीएमच्या मागे चिकटवलेली पिनची चिठ्ठी. दिवसभर लोकांना 'पिन कुणाला सांगू नका' म्हणणारा कॅशियर! एसटीडी बूथवरून फोन करून कार्ड बंद करेपर्यंत चोरानं एकदा पैसे काढले होते. बायकोला पिनच्या चिठ्ठीचं मी सहा महिन्यांनी सांगितलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत नकला, अर्ज आणि चकरा यात जे गेलं त्यापुढे चोरानं नेलं ते काहीच नव्हतं. कागद जवळ असावेत म्हणून सगळे एकत्र ठेवले होते आणि सगळे एकत्रच गेले.

आता तर कार्ड नुसतं टेकवलं तरी पिन न विचारता पाच हजारांपर्यंत व्यवहार होतो. ही सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते, आजच करा. त्यासाठी ते रेडिओ लहरी अडवणारं महागडं पाकीट घ्यायची गरज नाही. कार्ड हरवलं तर आधी बँकेला फोन. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं, ग्राहकाच्याच निष्काळजीपणानं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी टाकलं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. कार्ड बंद करायचा नंबर पाकिटात नको, घरी कॅलेंडरच्या मागे लिहा.

माझ्या आजोबांकडे चंची होती. पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू, एवढंच तिच्यात. पैसे धोतराच्या कनवटीला. आणि खरेदीखतापासून शेतसाऱ्याच्या पावत्यांपर्यंत सगळे कागद माळवदाच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत. तिन्ही जागा वेगळ्या, त्यामुळे आजोबा बाजारला निघताना कधी काही शोधत बसले नाहीत. तुम्हाला पेटी नको, मिठाईचा रिकामा डबा पुरे. पाकिटातून निघालेलं, न फेकण्यासारखं सगळं त्यात टाका, झाकणावर आजची तारीख लिहा आणि डबा कपाटात. महिनाभर यातलं काही खरंच लागलं आणि घरी धावावं लागलं, तर झाकणावर एक रेघ मारा. महिन्यानं रेघा मोजा. माझा अंदाज दोनच्या पुढे जाणार नाही. चुकलो तर कळवा, पुढच्या पत्रात कान धरतो.

एवढं होईपर्यंत नवं पाकीट घेऊ नका. माणसं आधी पाकीट घेतात आणि मग जुनंच सामान त्यात कोंबतात. महिन्यानंतर घ्याल तेव्हा छोटं कार्डहोल्डर घ्या. पूर्वीची पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब होती, आताची १५० आहे. एकदा दुमडली की ७५ होते, म्हणजे एटीएम कार्डापेक्षाही आखूड. त्या मोठ्या नोटांसाठी शिवलेलं लांबरुंद पाकीट आता उगीच मोकळं राहतं, आणि मोकळं राहिलं की भरतं.

ते ठेवायचं पँटच्या पुढच्या खिशात. तुम्ही शिवून घेतलेली पँट घालता असं पत्रावरून दिसतं, तर शिंप्याला पुढचा खिसा इंचभर खोल करायला सांगा, आत एक छोटा चोरखिसाही लावून घ्या. आणि त्या मागच्या उजव्या खिशाचं काय करायचं, तर वहिनींनी तो तीनदा शिवलाच आहे. चौथ्यांदा वरून शिवा म्हणावं.